दाढेतली चांदी काढायची, तर डॉक्टर कसा पारखावा?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या ३४ वर्षांच्या एका ताईंच्या चार दाढांत शाळा-कॉलेजच्या काळात भरलेली चांदी आहे. खालच्या डाव्या दाढेतल्या चांदीचा कोपरा उडालाय आणि तिथे अन्न अडकतं. बाकी तीन दाढांचा काही त्रास नाही. वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या बाळाचा विचार आहे. एका क्लिनिकने सांगितलंय की चारही फिलिंग एकाच बैठकीत काढू आणि मग शरीरातला पारा बाहेर काढायचा तीन महिन्यांचा कोर्स करू. पारा सुरक्षितपणे काढणारा डॉक्टर ओळखायचा कसा, हे त्यांना विचारायचंय.

ताई, चारपैकी कुठलं फिलिंग काढू नये हे जो डॉक्टर आपणहून सांगेल, त्याच्याकडे जा. एक्स-रे न काढता, दाढ नीट वाळवून न बघता चारही काढायला निघालेल्या डॉक्टरकडे यंत्रं कितीही भारी असोत, तिथे चेअरवर बसू नका.

याचं कारण पाऱ्याच्या वागण्यात आहे. ज्याला आपण चांदी म्हणतो ते अमाल्गम म्हणजे वजनाने साधारण निम्मा पारा आणि उरलेली चांदी, कथील, तांबं यांची पूड. दोन्ही घोटून दाढेत दाबलं की काही तासांत कडक होतं आणि पारा त्या धातूंशी बांधला जातो. तरीही चावताना, झोपेत दात खाताना, गरम चहा पिताना त्यातून अगदी थोडी वाफ सुटत राहते. सतत च्युइंगम चघळणाऱ्यांत ती जास्त सुटते. पण मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारा एअरोटर (दात कोरण्याचं यंत्र) त्याच फिलिंगवर टेकवला की घर्षणाने ते तापतं, आणि वाफ आणि बारीक भुकटी दोन्ही एकदम उसळतात. म्हणजे वीस वर्षं शांत बसलेल्या फिलिंगमधून सगळ्यात जास्त पारा जर कुठल्या दिवशी तुमच्या श्वासात जाणार असेल, तर तो काढण्याचा दिवस. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती, बाळाचा विचार करणाऱ्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं (विशेषतः ६ वर्षांखालची), मज्जासंस्थेचे किंवा किडनीचे आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांच्या दातांत नवीन अमाल्गम शक्यतो भरू नये असं सांगितलं. त्याच सूचनेत हेही आहे की चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग वैद्यकीय गरज नसेल तर काढू नये, कारण काढताना पाऱ्याशी संपर्क तात्पुरता वाढतो आणि दाताचा निरोगी भागही कापला जातो. हे दुसरं वाक्य जाहिरातींत सहसा येत नाही.

"युरोपात बंदी आहे" हा मुद्दाही तुम्हाला ऐकवला जाईल. तो खरा आहे. नॉर्वेने २००८ मध्ये, स्वीडनने २००९ मध्ये अमाल्गम थांबवलं आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय गरजेचे अपवाद सोडून, ते भरता येत नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत दातांत अमाल्गम भरणं बंद करायचं ठरवलं. पण हे सगळे निर्णय नवीन अमाल्गम भरण्याबद्दलचे आहेत आणि त्यांचा मोठा भर पर्यावरणावर आहे. आधी भरलेलं उकरून काढा, असं यातला एकही सांगत नाही.

मग फिलिंग काढायचं कधी? खाली किंवा कडेला नवीन कीड लागली असेल, फिलिंग तुटलं किंवा हलत असेल, दाढेला तडा गेला असेल, कडेची फट इतकी रुंद झाली असेल की अन्न बसतं, किंवा फिलिंगला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या जाळीसारखा वा लाल, चुरचुरणारा चट्टा आला असेल, तर. नुसता काळा रंग हे कारण होत नाही. अमाल्गम काळं पडतंच. कडेची केसाएवढी खाच म्हणजेही कीड नव्हे. डॉक्टरने हे ठरवायला दाढ हवेने वाळवून, भिंगातून किंवा चांगल्या उजेडात बघायला हवी, दोन दातांमधली कीड दिसेल असा चावून धरायचा छोटा एक्स-रे काढायला हवा आणि थंड लावून नस जिवंत आहे का ते तपासायला हवं. सगळ्या तोंडाच्या मोठ्या ओपीजी एक्स-रेवर फिलिंगखालची कीड नीट दिसत नाही, त्यामुळे फक्त त्यावर बोट ठेवून "इथे गडबड आहे" म्हणणाऱ्याला छोटा एक्स-रे मागा.

गालातल्या चट्ट्याबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल. अमाल्गमच्या संपर्काने असा चट्टा येतो आणि फिलिंग बदलल्यावर तो बरेचदा काही महिन्यांत कमी होतो, हे खरं आहे. पण आपल्याकडे तंबाखू, मशेरी, गुटखा, सुपारी यांनी येणारे पांढरे चट्टे खूप आहेत आणि त्यांतले काही कॅन्सरच्या वाटेवरचे असतात. चट्टा नेमका फिलिंगला टेकतो त्याच जागी आहे का, दुसऱ्या बाजूलाही आहे का, हे बघावं लागतं. शंका असेल तर तुकडा तपासायला पाठवतात आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घेतात. तिचं वाचन ४८ आणि ९६ तासांनी होतं. यातलं काहीही न करता पाऱ्यावर ठपका ठेवणारा डॉक्टर एखाद्याचा खरा आजार महिनोन्महिने लपवून ठेवू शकतो.

थकवा, विसरभोळेपणा, केस गळणं अशा तक्रारींसाठी फिलिंग काढायचा विचार असेल तर आधी पारा खरंच वाढलाय का ते बघा. अमाल्गमचा पारा लघवीत कळतो. केसांची तपासणी या कामाला चालत नाही. केसांत येतो तो मुख्यतः माशांतला पारा. मुशी, सुरमई, कुपा असे मोठे शिकारी मासे वरचेवर खाणाऱ्या कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाच्या केसांत आणि रक्तात तो जास्त दिसणार, मग दाढेत चांदी असो वा नसो. सकाळची पहिली लघवी, क्रिएटिनिनच्या प्रमाणात मोजलेला पारा, अशी तपासणी मागा. तोंडात बरीच फिलिंग असलेल्या माणसातही आकडा सहसा लिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असतो. तो बराच जास्त आला तर दाढांच्या आधी घरात शोधा: गोरं करणारी बिनलेबलची क्रीम, रससिंदूर किंवा कज्जली असलेली रसौषधी, फुटलेला थर्मामीटर, देवघरातलं पारद शिवलिंग. गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने किडनीला सूज आलेले रुग्ण केरळात मोठ्या संख्येने सापडले आहेत. अशा माणसाच्या चार दाढा कोरल्या आणि क्रीम चालूच राहिली, तर हाती काय लागणार?

इथे एका फसव्या तपासणीपासून सांभाळा. काही ठिकाणी आधी डीएमएसएसारखं धातू ओढून काढणारं औषध देतात, मग लघवी गोळा करतात आणि तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या मर्यादेशी ताडून बघतात. औषध घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढतोच. अमेरिकेतल्या विषविज्ञानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. रिपोर्टवर लाल पट्टी दाखवून पॅकेज विकायला मात्र ती फार सोयीची पडते.

आता पाटीवरच्या शब्दांबद्दल. 'होलिस्टिक', 'बायोलॉजिकल', 'मर्क्युरी-फ्री' ही आपल्याकडे मान्य असलेली पदवी किंवा शाखा नाही. भारतात दंतवैद्यकाच्या एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखा आहेत; फिलिंग आणि रूट कॅनालची शाखा म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह डेन्टिस्ट्री अँड एंडोडोन्टिक्स. या शाखेचा माणूस मिळाला तर उत्तम, पण मन लावून काम करणारा बीडीएसही हे काम व्यवस्थित करतो. राज्याच्या दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक क्लिनिकमध्ये लावलेला असतो, तो बघून घ्या. 'स्मार्ट' प्रमाणपत्राचा उल्लेख कानावर येईल. आयएओएमटी या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या खासगी आंतरराष्ट्रीय संघटनेची ही अमाल्गम काढण्याची पद्धत आहे आणि तिचं प्रशिक्षणही ती संघटना देते. ही संघटना अमाल्गमच्या विरोधातली आहे, त्यामुळे कोणतं फिलिंग काढायचं याबद्दल तिचं मत मी प्रमाण मानणार नाही. पण कसं काढायचं याची तिची यादी बरीचशी शहाणी आहे आणि ती यादी प्रमाणपत्र नसलेला डॉक्टरही पाळू शकतो. भिंतीवरच्या कागदापेक्षा चेअरशेजारी काय आहे आणि ते कोण धरणार आहे, याला जास्त वजन द्या.

एक गोष्ट मनात पक्की ठेवली की बाकीची साधनं कशासाठी आहेत ते आपोआप कळतं. पाऱ्याची वाफ श्वासात गेली तर तिच्यातला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसातून रक्तात उतरतो. गिळलेला धातुरूप पारा मात्र आतड्यातून नगण्य शोषला जातो. म्हणजे एखादा तुकडा चुकून पोटात गेला तर घाबरण्यासारखं फारसं नाही. सांभाळायचा तो श्वास. या वाफेला वास नाही, रंग नाही. "काही जाणवलं नाही" याला त्यामुळे काही अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचं साधन सक्शन. चेअरला लटकणारी, लाळ ओढणारी बारीक नळी म्हणजे हे सक्शन नव्हे. हवं ते मोठ्या तोंडाचं, ८ मिमी किंवा जास्त रुंदीचं, जोरात हवा ओढणारं. ते दाढेपासून बोटभर अंतरावर, एअरोटर चालू असेपर्यंत एका क्षणासाठीही न हलवता धरावं लागतं. एकटा डॉक्टर एका हातात एअरोटर, दुसऱ्या हातात आरसा घेऊन हे करू शकत नाही. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: "काढताना मोठं सक्शन कोण धरणार?" तयार असिस्टंट आहे असं उत्तर आलं तर पुढे बोला. "त्याची काही गरज पडत नाही" असं आलं तर फोन ठेवा.

दुसरा प्रश्न: "रूट कॅनाल करताना तुम्ही रबर डॅम लावता का?" अमाल्गमबद्दल थेट विचारलं तर हो म्हणणारे बरेच भेटतील. पण जो प्रत्येक रूट कॅनालला डॅम लावतो त्याचाच हात त्यात बसलेला असतो. डॅम म्हणजे साधारण १५ सेंमी चौरस पातळ पडदा. त्याला भोकं पाडतात, दाढेच्या मानेवर क्लॅम्प बसवतात आणि पडदा चौकटीवर ताणतात. नुसता ताणला की काम झालं असं नाही. दोन दातांच्या फटीतून पडद्याची पट्टी फ्लॉसने खाली सरकवावी लागते, कड हिरडीकडे आत वळवावी लागते आणि मग पाणी मारून कुठून झिरपतंय का ते बघावं लागतं. झिरपलं तर तिथे लाइटने कडक होणारी पेस्ट लावून बुजवतात. हे नीट केलं की ती एक दाढ आणि शेजारचा एखाद-दुसरा दात वगळता सगळं तोंड पडद्याआड जातं. रबराच्या पडद्यातून थोडी वाफ आरपार जाऊ शकते, म्हणून नायट्राइलचा पडदा चांगला, आणि पडद्याखालीही लाळेची नळी चालू हवी. डॅम न लावता अमाल्गम काढलेल्या माणसांच्या रक्तातला पारा पुढचे काही दिवस चढलेला दिसतो. डॅम लावलेल्यांत हा चढ फारसा दिसत नाही.

ज्यांचं तोंड सुपारी-गुटख्याने आखडलंय, उभी तीन बोटं आत जात नाहीत, त्यांना मागच्या दाढेला क्लॅम्प बसवणं फार जड जातं. दोनच बोटं जात असतील तर फिलिंग काढण्याआधी तोंड उघडण्यावर उपचार करणारा डॉक्टर निवडा.

नाकाचं काय? डॅम तोंड झाकतो, नाक उघडंच राहतं, आणि वाफ नेमकी तिथेच पोचते. त्यासाठी नाकावर बसणाऱ्या मास्कमधून वेगळी हवा किंवा ऑक्सिजन देतात. नाकपुड्यांत घालायची पातळ नळी आजूबाजूची हवा रोखत नाही, म्हणून मास्क बरा. हे प्रत्येक क्लिनिकमध्ये नसेल. एकच फिलिंग काढायचं असेल, डॅम घट्ट असेल आणि सक्शन दमदार असेल, तर यावाचून मी अडून बसणार नाही. तीन-चार काढायची असतील तर बसेन. सर्दीने नाक चोंदलं असेल तर तारीख पुढे ढकला, कारण डॅमखाली तोंडाने श्वास घेता येत नाही आणि तुम्ही मधेच तो ओढून काढाल.

कोविडनंतर पुष्कळ क्लिनिकनी हवा शुद्ध करणारी यंत्रं आणि चेअरजवळचे मोठे सोंडेसारखे सक्शन घेतले. त्यांतला हेपा फिल्टर कण पकडतो, वाफ पकडत नाही. वाफेसाठी गंधक किंवा आयोडीन लावलेला सक्रिय कोळसा लागतो. "यात कार्बन फिल्टर आहे का आणि शेवटचा कधी बदलला?" असं विचारा. एन-९५ मास्कचंही तेच: भुकटी अडेल, वाफ नाही. डॉक्टर आणि असिस्टंटने पाऱ्याच्या वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क वापरला तर तुम्ही योग्य जागी आलात. त्यांच्या आयुष्यात हे काम शेकडो वेळा येतं, आणि असिस्टंट मुलगी गर्भवती असेल तर तिने त्या खोलीत असताच कामा नये. जो आपल्या माणसांची काळजी घेत नाही तो तुमची काय घेणार!

प्रत्यक्ष कापणं असं असावं. बर, म्हणजे एअरोटरचं कापणारं टोक, नवा, टंगस्टन कार्बाइडचा. बोथट बर घासतो, तापवतो आणि वाफ वाढवतो. पाण्याचा फवारा पूर्ण सोडलेला. फिलिंगच्या मधोमध एक चर, मग आडवी दुसरी चर, आणि चमच्यासारख्या हत्याराची धार त्या चरीत घालून हलकी कलाटणी दिली की अमाल्गमचा ढेकूळ 'टक्' करून सुटतो आणि सक्शनमध्ये जातो. असे तीन-चार ढेकूळ निघाले की फिलिंग संपलं. याउलट वरून खाली सगळं घासून पूड करत जाणं ही सगळ्यात वाईट पद्धत. वेळही जास्त आणि वाफही जास्त. "तुकडे करून काढता की घासून?" हा तुमचा तिसरा प्रश्न. कापण्याचं काम काही मिनिटांचं असतं, तयारीला त्याहून जास्त वेळ जातो. त्यामुळे चार फिलिंगसाठी अर्ध्या तासाची वेळ देणारं क्लिनिक यातलं बरंच काही गाळणार हे धरून चाला.

तुकडे निघाल्यावर खाली दाढ करडी-निळसर दिसते. हा पुष्कळदा धातूचा डाग असतो, कीड नसते. हत्याराच्या टोकाला ती जागा कडक लागली तर ती तशीच ठेवायची. डाग जाईपर्यंत कोरत राहिलं तर नस उघडी पडते आणि साध्या फिलिंगचं रूट कॅनाल होतं. डॉक्टरने हे तुम्हाला आधीच सांगायला हवं: जुनं फिलिंग खोल असेल तर काळजी घेऊनही नस दुखावू शकते, आणि खाली तळाशी लपलेला तडा काढल्यावरच दिसतो. शक्यता न सांगता थेट "काही होत नाही" म्हणणाऱ्याचा अनुभव कमी असतो किंवा घाई जास्त असते.

काम संपल्यावर डॅम काढण्याआधी त्यावरचा सगळा चुरा धुऊन ओढून घ्यायचा, मग डॅम गोळा करून उचलायचा, हातमोजे बदलायचे, जिभेखाली आणि गालाच्या खाचेत तुकडा राहिला नाही ना ते बघायचं, आणि मग चूळ. हिरडी फाटली असताना तिच्यात चुरा अडकला तर तिथे कायमचा निळा-काळा डाग राहतो. धोका नसतो, पण पुढे कुणीतरी तो दुसराच काही समजून घाबरवतो.

कोळशाच्या पुडीची चूळ किंवा कोळसा प्यायला देणं हा काही ठिकाणी भाग असतो. चूळ भरायला हरकत नाही. गिळायला दिला तर लक्षात ठेवा की कोळसा पोटातलं औषधही शोषून घेतो. थायरॉइडची, फिटची किंवा संततिनियमनाची गोळी घेत असाल तर आधी सांगा. त्याचा मोठा फायदा सिद्ध झालेला नाही.

चांगलं काढून वाईट भरलं तर दोन वर्षांत पुन्हा त्याच दाढेवर याल. म्हणून "जागी काय भरणार?" याचं उत्तर दाढेगणिक वेगळं आलं पाहिजे. लहान-मध्यम खड्ड्याला कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग. ते अमाल्गमइतकं सहनशील नाही: जागा पूर्ण कोरडी लागते, साधं कॉम्पोझिट सुमारे २ मिमीच्या थरांनी भरून प्रत्येक थर लाइटने कडक करावा लागतो, आणि दोन दातांच्या मध्ये भरताना वाकडी पत्री आणि रिंग लावून शेजारच्या दाताशी घट्ट टेकेल असा आकार द्यावा लागतो. सपाट पत्री लावून भरलं की फट राहते, मटकीची डाळ नि मटणाचे धागे रोज तिथेच बसतात, आणि सहा महिन्यांत हिरडी सुजते. दाढेचा निम्म्याहून जास्त भाग फिलिंगनेच व्यापला असेल, भिंती पातळ उरल्या असतील, तर दाढेचे उंचवटे झाकणारं सिरॅमिक किंवा कॅप लागते. तिथे फक्त कॉम्पोझिट भरून स्वस्तात सोडवणं म्हणजे पुढे दाढ उभी चिरण्याची वाट पाहणं. शेवटी रंगीत कागदावर चावून उंची तपासायची. बधिरपणा असताना चावा नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दाढ आधी टेकतेय असं वाटलं तर लगेच परत जा. उंच फिलिंगने ठणका सुरू होतो आणि लोक तो पाऱ्याच्या माथी मारतात. थंडाची सणक दोन-तीन आठवडे कमी कमी होत गेली तर ठीक. गरमाने दुखणं, रात्री आपोआप ठणकणं ही नसेची तक्रार आहे.

निघालेला पारा कुठे जातो हेही विचारा, संकोच करू नका. बेसिनमधून गटारात जाणारा पारा शेवटी मासळीतून ताटात येतो. चांगल्या जागी सक्शनच्या वाटेवर अमाल्गम अडवणारा सेपरेटर असतो. आयएसओ १११४३ या मानकाप्रमाणे त्याने किमान ९५ टक्के अमाल्गम अडवावं लागतं. तो नसला तरी निदान जाळीतले तुकडे हवाबंद बरणीत, वेगळी चिठ्ठी लावून ठेवलेले असावेत. पिवळ्या पिशवीत तर ते कधीच टाकू नयेत, कारण ती पिशवी जाळायला जाते आणि जळताना पारा पुन्हा हवेत. चांदी भरलेला काढलेला दात सुद्धा त्या पिशवीत जाता कामा नये.

'कोर्स'बद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. फिलिंग नीट काढल्यावर शरीरातला जास्तीचा पारा किडनी आपणहून काढते. साधारण दर दोन महिन्यांनी तो निम्मा होतो. सलाइनमधून ग्लुटाथायोन, धातू ओढणारी औषधं, आठवड्याला एक बाटली, याची गरज खऱ्या विषबाधेत असते आणि ती विषबाधा हॉस्पिटलमधला फिजिशियन ठरवतो. ही औषधं निरुपद्रवी नाहीत. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात अशा उपचारात ईडीटीए या धातू ओढणाऱ्या औषधाचा चुकीचा प्रकार शिरेतून दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून तीन माणसं दगावली, त्यांत मुलंही होती. त्याच अमेरिकेत, केवळ विषारी पदार्थ काढण्याच्या नावाखाली आपणहून चांगली फिलिंग काढायला सुचवणं तिथल्या दंतवैद्यक संघटनेच्या आचारसंहितेत बसत नाही.

आता तुमच्या चार दाढा. तुटलेल्या खालच्या डाव्या दाढेचा छोटा एक्स-रे आत्ता काढा. खाली कीड नसेल आणि फक्त कोपराच गेला असेल, तर सगळं न काढता तेवढाच कोपरा कॉम्पोझिटने जोडता येतो. या पर्यायाचा उल्लेख डॉक्टरने आपणहून केला तर तो माणूस धरून ठेवा. कीड असेल तर वर लिहिलेल्या पद्धतीने तेवढं एक काढून घ्या, आणि ते गर्भ राहण्याआधीच. त्यानंतर चार ते सहा महिने थांबता आलं तर जास्तीचा जो काही पारा आला असेल तो चौथ्या-आठव्या हिश्शावर येईल. बाकीच्या तीन दाढांना हात लावू देऊ नका. वर्षातून एकदा वाळवून बघणं पुरे. पुढे कधी त्यांतलं एखादं काढावं लागलं तर एका बैठकीत एका बाजूचंच, आणि दोन बैठकींत काही आठवड्यांचं अंतर.

दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना अमाल्गमचा तुकडा उडाला तर एअरोटर लावू न देता उघड्या जागेवर ग्लास आयोनोमर सिमेंट दाबून घ्या, कापायचं काम नंतर. दुखणं किंवा सूज असेल तर मात्र थांबू नका. गरोदरपणातला दातांचा जंतुसंसर्ग अंगावर काढणं जास्त धोक्याचं आहे. आणि या सगळ्या कामाचा कागद मागून घ्या: कोणत्या दाढेतलं, किती खोल, तळाशी काय लावलं, वर कोणतं कॉम्पोझिट भरलं. पुढच्या वेळी ठणका लागला आणि डॉक्टर दुसरा असला, तर त्या कागदावरून त्याला नस किती जवळ आहे ते कोरण्याआधीच कळेल.